तिसरं पाणी

लॉन्ड्रीत सगळे त्यांना खळसाहेब म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं साहेब. सव्वीस वर्षं ते तिथे सुपरवायझर होते. शर्टाची कॉलर पुठ्ठ्यासारखी ताठ, मान त्याहून ताठ, आणि आवाज असा की समोरच्याच्या कपड्यांवरच्या सुरकुत्या आपोआप सरळ व्हाव्यात. माणूस मनाने वाईट नव्हता. कोणाच्या घरी आजारपण आलं तर मागायच्या आत सुट्टी देऊन टाकायचे. पण देतानाही आवाज असा लावायचे की घेणाऱ्याला वाटावं, आपण काहीतरी चोरून चाललोय.

लॉन्ड्री मोठी होती. तीन हॉस्पिटलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, ऑपरेशनचे हिरवे गाऊन, सगळं तिथे धुवायला यायचं. सात वॉशिंग मशिनं, एकेक एवढं की आत दोन माणसांनी बसून पत्ते खेळावेत. त्यापलीकडे ड्रायर, मग इस्त्रीचे गरम रोलर आणि शेवटी घड्या घालायचं लांबलचक टेबल. सकाळी गेटमधून मळक्या कपड्यांचा ट्रक आत यायचा आणि दुपारी तोच ट्रक पांढराशुभ्र माल घेऊन बाहेर पडायचा.

त्या वर्षी नव्या मॅनेजरबाई आल्या. वयाने खळसाहेबांच्या लेकीएवढ्या, पण डोळे चौकस. पहिला महिनाभर त्यांनी नुसतं बघितलं. मग एक दिवस खळसाहेबांना बोलावून म्हणाल्या, "आपली विहीर दर उन्हाळ्यात तळाला जाते. रोज तीन टँकर मागवतो आपण, आणि तेही कोणाच्या तरी गावचंच पाणी. शिवाय साबण, वाफ, प्लास्टिक. हे सगळं कमी कसं करायचं ते बाहेरून कोणी तज्ज्ञ आणून विचारता येईल. पण मला वाटतं, ज्यांचे हात रोज त्या पाण्यात असतात त्यांनाच विचारावं. तुम्ही सगळ्यांना इतकी वर्षं ओळखता. हे काम तुम्हीच बघाल का?"

खळसाहेबांनी काम अंगावर घेतलं म्हणजे ते चोख व्हायचं. सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली, तिला कुलूप लावलं आणि वर स्वतःच्या अक्षरात नोटीस डकवली : 'पाणी, वीज, साबण यांची बचत करणारी नवीन कल्पना प्रत्येकाने आठवड्यातून किमान एक द्यावी. कल्पना न देणाऱ्यांची नोंद घेतली जाईल.'

तीन आठवड्यांनी पेटी मॅनेजरबाईंच्या समोर उघडली. आत तीन कागद निघाले. पहिला बसचं जुनं तिकीट. दुसऱ्यावर लिहिलं होतं, 'चहात साखर कमी असते.' तिसरा त्यांनी ठणठणीत आवाजात वाचायला घेतला. "खळसाहेबांनी बोलणं निम्मं करावं. हवा वाचेल."

ते थांबले. कागद उलटसुलट करून पाहिला. "खळसाहेब? हे कोण?"

मॅनेजरबाईंची नजर, त्यांनी कितीही आवरली तरी, हळूच साहेबांच्या कॉलरवर गेली. खळसाहेबांचा हात आपोआप गळ्याशी गेला. बाईंनी ओठ दाताखाली धरला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी हा प्रकार बायकोला सांगितला. वाटलं होतं, तिला राग येईल. ती हसायलाच लागली. हसता हसता खुर्चीत बसली, पदराने डोळे पुसले आणि पुन्हा हसली.

"अहो, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? मला पंधरा वर्षांपासून ठाऊक आहे. तुमच्या लॉन्ड्रीतल्या घडीमावशी बाजारात भेटल्या की विचारतात, काय म्हणतात आमचे खळसाहेब?"

"आणि तू ऐकून घेतेस?"

"मी काय बोलणार? कॉलरला खळ मीच घालते ना!"

खळसाहेबांनी चहाचा कप ओढून घेतला आणि न पिताच बशीत फिरवत राहिले. ते खरोखरच दुखावलेत हे तिच्या लक्षात आलं, तशी ती जवळ येऊन बसली.

"बरं, मला सांगा. तुम्ही कोणाला विचारलंत का?"

"नोटीस लावली की."

"नोटीस म्हणजे विचारणं नव्हे हो. उद्या स्वयंपाकघरात तुम्ही अशी नोटीस लावलीत ना, तर मी तुम्हाला उपाशी ठेवीन. पेटीशी कोण बोलतं? माणसं माणसांशी बोलतात. तीही समोरचा ऐकणार असेल तर."

"मी ऐकत नाही?"

ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात कुठे बोलावं आणि कुठे नुसतं बघावं हे ती शिकली होती.

दुसऱ्या दिवशी खळसाहेब हिंडून विचारायला लागले. पण सव्वीस वर्षांची सवय एका रात्रीत कशी जाणार? ते रोलरपाशी जाऊन म्हणाले, "काय, सुचतंय का काही?" आणि रोलरवरची दोघं अटेन्शनमध्ये उभी राहिली. "नाही साहेब. सगळं ठीक आहे साहेब." ड्रायरवाला म्हणाला, "आमची काही तक्रार नाही." गाड्या उतरवणारे तर ते येताना दिसले की गाडीच्या मागेच जायचे. सगळे मूग गिळून बसलेले.

शेवटी दुपारी ते घडीच्या टेबलाशी आले. घडीमावशी तिथे त्यांच्याही आधीपासून होत्या. चादरीचे दोन कोपरे त्यांच्या हातात आले की डोळे मिटूनही घडी रेषेत बसायची. साठी जवळ आली होती आणि कोणाला भ्यायचं वय मागे पडलं होतं.

"मावशी, तुम्ही तरी सांगा. इथे एवढी माणसं आहेत, कोणाच्याच डोक्यात काही येत नाही का?"

"येतं की," मावशी घडी घालता घालता म्हणाल्या. "पण येतं तसं जिरतं."

"म्हणजे?"

मावशींनी हातातली चादर ठेवली. "साहेब, आपल्या रेडिओला रेडिओ का म्हणतात ठाऊक आहे?"

रेडिओ म्हणजे पहिल्या मशीनवरचा ऑपरेटर. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलणारा. लठ्ठ माणसाला काडी म्हणावं तशी ती थट्टा असणार, असंच खळसाहेब आजवर धरून चालले होते. तसं त्यांनी सांगितलंही.

"थट्टा नव्हे," मावशी म्हणाल्या. "तो खरंच रेडिओ होता. सकाळी गेटमधून शिरला की सुरू, ते सुटी होईपर्यंत. मशीन काय म्हणतंय, सासरा काय म्हणतोय, पाणी कुठून येतं, कुठे जातं. आमचे कान किटायचे. तुम्ही वर केबिनमध्ये असायचात, तुमच्यापर्यंत कुठून येणार? नऊ वर्षं झाली त्याला. एक दिवस साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन तो तुमच्याकडे आला होता. वर चित्र काढलेलं, पाइपांचं. पाणी परत कसं वापरता येईल त्याचं. त्या दिवशी भांग पाडून, धुतलेला शर्ट घालून आला होता हो. आम्ही चिडवलंसुद्धा, मुलगी बघायला चाललास का म्हणून."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, तुला बटणं दाबायला ठेवलंय, डोकं चालवायला मी आहे. आणि तो पुठ्ठा चहाच्या कपाखाली सरकवलात. दार उघडं होतं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

मावशींनी पुन्हा चादर उचलली. "रेडिओ त्या दिवशी जो बंद झाला तो बंदच. आणि मग बाकीच्यांनीही धडा घेतला."

खळसाहेबांनी पुष्कळ आठवून पाहिलं. पुठ्ठा आठवेना. भांग आठवेना. वाक्य मात्र नक्की त्यांचंच होतं, ते ओळखू येत होतं. एका माणसाच्या तोंडाला आपण नऊ वर्षं कुलूप घातलं आणि आपल्या लक्षातही राहू नये, हे त्यांना फार लागलं. घरी गेल्यावर त्यांनी जेवणात एकही खोड काढली नाही. बायकोने कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

सकाळी बेल व्हायच्या आधीच ते पहिल्या मशीनपाशी जाऊन उभे राहिले. रेडिओ फडक्याने दाराची काच पुसत होता.

"माझं चुकलं," खळसाहेब म्हणाले.

"कधी?"

"नऊ वर्षांपूर्वी. पुठ्ठ्याचं."

रेडिओचा हात थांबला. मग काचेच्या त्याच जागेवरून फडकं आणखी दोनदा फिरलं. "बेल होईल साहेब आता," तो म्हणाला. बस्स. माफ केलं असंही नाही, नाही केलं असंही नाही.

खळसाहेब हलले नाहीत. रात्रीतून त्यांनी आणखी एक गोष्ट ठरवली होती. "आठवडाभर मी तुमच्याबरोबर मशीनवर उभा राहतो म्हणतो. तुम्ही मला काम शिकवा."

रेडिओने पहिल्यांदाच मान वर केली. "शिकवतो. पण साहेब, ते अहो-जाहो तेवढं करू नका. मला उगीच आजारी असल्यासारखं वाटतं."

"जमेल तसं बघतो," खळसाहेब म्हणाले. पण अहो-जाहो काही त्यांनी सोडलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांना कळलं की ओली चादर कोरड्या चादरीच्या चौपट जड असते. दुपारपर्यंत कंबर बोलायला लागली. दुसऱ्या दिवशी दार नीट न लावल्यामुळे फेसाचा लोट अंगावर आला आणि ते डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरे झाले. सगळी लॉन्ड्री श्वास रोखून बघत होती. खळसाहेबांनी भुवयांवरचा फेस बोटाने निपटला आणि विचारलं, "हे रोज होतं?"

"नवीन माणसाला होतं," रेडिओ म्हणाला. घडीच्या टेबलापाशी कोणीतरी फिस्सकन हसलं. खळसाहेबही हसले. घडीमावशींनी पुढे कितीतरी दिवस शपथेवर सांगितलं की त्यांनी ते दात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

प्रत्येक घाणा, म्हणजे मशीनमध्ये एका वेळी भरलेले कपडे, साबणातून निघाला की तीन पाण्यांतून खळबळून निघायचा. पहिलं पाणी दुधासारखं, दुसरं धुकट. चौथ्या दिवशी रेडिओने नळीला जोडलेली छोटी तोटी उघडून तिसरं पाणी पेल्यात घेतलं आणि साहेबांपुढे धरलं. साबण उरला नाही ना, हे तो प्रत्येक घाण्याला असंच पाहायचा. खळसाहेबांनी पेला उजेडात धरला. आरपार बोटं दिसत होती. बोट बुडवून पाहिलं, तर पाणी चक्क कोमट.

"हे कुठे जातं?"

रेडिओने पायाने खालच्या गटाराची जाळी दाखवली.

"सगळं?"

"एका वेळेला चारशे लिटर."

"आणि पुढच्या घाण्याला पहिल्या धुण्यासाठी आपण काय घेतो?"

"टँकरचं. थंड. मग ते वाफेने तापवतो."

खळसाहेब पेला हातात धरून तसेच उभे राहिले. "अहो, पण पहिल्या धुण्याला, मळ काढायला, हे पाणी काय वाईट आहे? आपण तर काखेत कळसा आणि..."

त्यांचं त्यांनाच कळलं. वाक्य अर्ध्यावर थांबलं. "पुठ्ठ्यावर हेच होतं," ते म्हणाले.

"हेच होतं."

"तो पुठ्ठा मी..."

"जाऊ द्या साहेब. तो चुकीचाच होता. पंप मी उलट्या बाजूला काढला होता. आता नीट बसलाय." रेडिओने कपाळावर बोट टेकवलं आणि तो बोलायला लागला.

तो पाऊण तास बोलला. टाकी उंचावर ठेवली तर पंप किती लहान चालेल, पाइप कुठून वळवायचा, धागे आणि लव अडकायला जाळी कुठे हवी आणि ती कोणी कधी साफ करायची, गरम पाणी परत घेतलं तर वाफ किती कमी लागेल. नऊ वर्षं त्याने हे सगळं डोक्यात घासूनपुसून ठेवलं होतं. मशीन थांबून त्याची शिट्टी वाजत राहिली, कोणी बंद करायला गेलं नाही. खळसाहेबांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, आणि त्यांच्या दृष्टीने ते आठवड्यातलं सर्वांत कष्टाचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं मॅनेजरबाईंसमोर बसले. बाईंनी चार प्रश्न विचारले. चारही रेडिओला, आणि साहेबांनी एकाचंही उत्तर स्वतः दिलं नाही. बाई म्हणाल्या, "आधी दोन मशिनांवर करून बघू. काय काय लागेल?"

फार काही लागलं नाही. गच्चीवर एक रिकामी टाकी पडून होती, भंगारात एक पंप सापडला. सुट्टीच्या दिवशी येऊन दोघांनी पाइप जोडले. खळसाहेबांच्या बायकोने थर्मासभर चहा आणला आणि स्टुलावर बसून त्यांची गंमत बघत राहिली. आपला नवरा गुडघ्यावर बसून कोणाच्या तरी हातात पाना देतोय, हे दृश्य तिला नवीन होतं. "उजवीकडे फिरवा," असं सांगायची ऊर्मी त्यांना तीनदा आली आणि तीनदा त्यांनी ती गिळली, तेही तिने पाहिलं. जाताना ती रेडिओला म्हणाली, "भाऊ, यांना ठेवून घ्या इथेच. सुधारतायत."

आठ दिवस सगळं सुरळीत चाललं. नवव्या दिवशी मशीन उघडलं तर आतून अभ्रे निघाले ते कोवळे हिरवे.

दीडशे अभ्रे होते. पुन्हा धुतले, ब्लीच केले. रंग फिका झाला, गेला नाही. शेजारच्या मशीनमध्ये आधी ऑपरेशनचे नवे कोरे गाऊन धुतले होते. त्यांचा रंग सुटला, तिसऱ्या पाण्यातून टाकीत आला आणि टाकीतून अभ्र्यांना लागला. माणसं जमली. रोलरवरच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. रेडिओ हातात अभ्रा घेऊन उभा होता आणि त्याचा चेहरा हळूहळू मिटत चालला होता. तो चेहरा खळसाहेबांनी आज पहिल्यांदा नीट पाहिला. नऊ वर्षांपूर्वी तो असाच मिटला असणार आणि त्या वेळी आपण चहा पीत होतो, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी खिशात हात घातला. दोन दिवसांपूर्वी गाऊनांबरोबर आलेला कागद अजून तिथेच होता, चार घड्या घातलेला. 'पहिली तीन धुणी वेगळी करावीत.' तो त्यांनी घाईत खिशात टाकला होता आणि सांगायचं राहून गेलं होतं.

"सगळ्यांनी ऐका," ते म्हणाले. आवाज तोच जुना, ठणठणीत. माणसं सवयीने ताठ झाली. "ही चूक माझी आहे. गाऊन वेगळे धुवायचे असा कागद आला होता. तो माझ्या खिशात राहिला. यांची काहीही चूक नाही. यांना माहीत असणं शक्यच नव्हतं." आणि तो कागद त्यांनी उलगडून मशीनच्या दारावर सर्वांना दिसेल असा चिकटवला.

मॅनेजरबाईंनी दुपारी त्यांना बोलावलं. चेहरा गंभीर होता. वरून विचारणा झाली होती. "प्रयोग थांबवूया का?"

"बाई, तुमची इच्छा असेल तर माझी बदली करा," खळसाहेब म्हणाले. "पण हे थांबवू नका. हे आज थांबलं तर पुढची नऊ वर्षं इथे कोणी तोंड उघडणार नाही. हॉस्पिटलला मी जाऊन सांगतो."

ते गेले. तिथल्या मोठ्या सिस्टर खळसाहेबांच्याही वरताण होत्या. त्यांनी पंधरा मिनिटं अशी हजेरी घेतली की साहेबांना आपला स्वतःचाच आवाज ऐकल्यासारखं वाटलं. त्यांनी ते निमूटपणे ऐकून घेतलं, राखीव साठ्यातले पांढरे अभ्रे मोजून दिले आणि परत आले.

गेटपाशी सात-आठ जण थांबले होते. सुटी होऊन गेली होती, तरी.

"खूप बोलल्या का?" घडीमावशींनी विचारलं.

"माझ्यापेक्षा जास्त."

"मग बऱ्याच बोलल्या म्हणायच्या," मावशी म्हणाल्या आणि सगळे हसले. हसू ओसरल्यावर मावशीच पुढे झाल्या. "साहेब, लहान तोंडी मोठा घास नाही ना व्हायचा? घरी आपण काय करतो? पांढरे आधी, रंगीत मागून. मशीन मोठं झालं म्हणून अक्कल का बदलायची? ट्रकमधून उतरवतानाच वेगळं करा. दुपारपर्यंत नुसते पांढरे. हिरवे सगळ्यात शेवटी, आणि त्यांचं पाणी टाकीत घ्यायचंच नाही. त्याने फरशी धुवा."

गाडी उतरवणारा म्हणाला, "वेगळं करायला वेळ जातो, पण पिशव्यांना रंग असते तर बघताक्षणी कळलं असतं." त्यावर शिलाईताई, म्हणजे फाटक्या चादरी शिवून देणारी, आजवर जिचा आवाज तिच्या मशीनच्या आवाजाखाली दबलेला असायचा, ती म्हणाली, "पिशव्या मी शिवते. त्या दीडशे हिरव्या अभ्र्यांना वरून नाडी घातली की झाल्या हिरव्या मालाच्या पिशव्या. बाद झालेल्या चादरींच्या पांढऱ्या शिवू. पिशवीसकट आत टाकायचं, पिशवीसकट धुऊन निघेल. रोज दोनशे प्लास्टिकच्या पिशव्या फेकतो आपण. मला बघवत नाही ते."

"हे तुम्ही आधी का नाही बोललात?" असं विचारायला खळसाहेबांनी तोंड उघडलं होतं. मिटलं. त्याऐवजी म्हणाले, "उद्या सकाळी एक शिवून दाखवाल?"

शिलाईताईंनी दोन शिवल्या. मोठ्या सिस्टरांनी नाडी ओढून, जिन्यावरून आपटून तपासणी केली आणि सांगितलं की प्लास्टिकच्या फाटतात, या फाटत नाहीत, आणखी पाठवा. महिन्याभरात सातही मशिनं टाकीला जोडली गेली. ड्रायरवाल्याने गरम हवा बाहेर सोडण्याऐवजी ओल्या पिशव्यांच्या खोलीत वळवली, तीही कोणाला न विचारता, आणि मग घाबरत साहेबांना येऊन सांगितलं. साहेब खोलीत गेले, उबेत जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "छान." हा शब्द त्यांच्या तोंडून त्या इमारतीत बहुधा पहिल्यांदाच निघत होता, त्यामुळे ड्रायरवाल्याला दोनदा विचारून खात्री करावी लागली.

त्या उन्हाळ्यात तीन टँकरांच्या जागी एक आला, तोही दिवसाआड. सगळंच जमलं असं नाही. लव अडकवायची जाळी आठवड्यातून दोनदा तुंबायची. साबण कमी करायचा रोलरवाल्यांचा प्रयोग तर साफ फसला आणि टॉवेल खरखरीत निघाले. पण फसल्यावर ते स्वतःहून सांगायला आले, आणि खळसाहेब त्यांच्याबरोबर बसून कुठे चुकलं ते बघायला लागले. आवाज त्यांचा होता तसाच राहिला. मात्र त्या आवाजाला आता कोणी ताठ होईना. रेडिओ तर सकाळपासून सुरू व्हायचा आणि मावशी कानावर हात ठेवून म्हणायच्या, "साहेब, नऊ वर्षं सुखात गेली हो!"

हिवाळा सुरू होताना दुसऱ्या शहरातल्या एका लॉन्ड्रीकडून बोलावणं आलं. तिथे हॉटेलांचे कपडे धुतले जायचे आणि पाण्याची तीच रड होती. मॅनेजरबाईंनी रेडिओला सांगितलं, तुम्हीच जा. तो गडबडला. आपल्या माणसांत बोलणं वेगळं, परक्या पंचवीस माणसांसमोर उभं राहणं वेगळं. म्हणाला, "साहेब बरोबर असतील तर जातो."

बसमध्ये दोन तास तो खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होता. खळसाहेबांनी चार-पाच सूचना मनात जुळवल्या होत्या, सुरुवात अशी करा, हात असे ठेवा. त्यांनी त्यातली एकही दिली नाही. फक्त उतरताना त्याच्या खांद्यावरचा एक धागा काढला.

तिथे बसायला बाकं मांडली होती. रेडिओ पुढे उभा राहिला, खळसाहेब सगळ्यात मागच्या बाकावर कडेला जाऊन बसले. पहिल्या दोन मिनिटांत रेडिओ तीनदा अडखळला. तिसऱ्यांदा त्याने मागे साहेबांकडे पाहिलं. खळसाहेब नुसते थोडे पुढे सरकून बसले, माणूस पुढचं ऐकायला सरकतो तसे. रेडिओने घसा खाकरला, फळ्यावर एक मोठं गोल मशीन काढलं आणि म्हणाला, "तुमच्याकडे तिसरं पाणी कोणी हातात घेऊन बघितलंय का?" मागून एक हात वर आला, मग आणखी एक. तिथून गाडी रुळाला लागली.

पाऊण तास होत आला तेव्हा खळसाहेबांच्या शेजारी बसलेल्या, हाताला साबणाने चिरा पडलेल्या एका बाईने त्यांच्याकडे वळून कौतुकाने विचारलं, "किती छान समजावून सांगतायत. आणि तुम्ही कोण? त्यांचे साहेब का?"

"मी होय?" खळसाहेब म्हणाले. "मी त्यांच्याबरोबर आलोय."

मग रेडिओचा घसा बसायला लागलाय हे त्यांना ऐकू आलं, आणि ते उठून, वाकून, कोणाच्या मध्ये येऊ नये असे, प्यायचं पाणी कुठे मिळतं ते बघायला बाहेर गेले.